पाणी शिजतं तेव्हा

एप्रिलमधली दुपार. उजनीच्या पाणफुगवट्यावर, भिगवणच्या अंगाला, आम्ही होडीतून चाललो होतो. पाणी इतके दाट हिरवे, की वल्ह्यावरून ओघळताना कुणी रंग कालवला आहे असे वाटे. एका उथळ जागी होडी अडली. नावाड्याने बांबू तळाच्या गाळात रोवून जोर दिला आणि बांबूभोवती बुडबुड्यांचे घोस वर आले. पाठोपाठ सडक्या अंड्यासारखा वास आला. त्याने बांबू उपसला, जरा पुढे रोवला, पुन्हा बुडबुडे. "उन्हाळ्यात पाणी आतनं शिजतं बघा," तो म्हणाला, आणि होडी मोकळी करून पुढे निघाला.

त्याच्यासाठी ती रोजची गोष्ट होती. माझ्या मनात मात्र ते वाक्य रुतून बसले. पुढे वर्षानुवर्षे तळी, तलाव आणि धरणांची पाणी पाहत हिंडलो, त्यांच्यावरचे संशोधन वाचत गेलो, आणि दर वेळी जाणवले की त्या माणसाने एका वाक्यात सगळा विषय सांगून टाकला होता. पाणी खरोखरच आतून शिजते. त्या शिजण्यातून जे वर येते ते तळ्याच्या काठावर थांबत नाही. ते हवेत जाते आणि सगळ्या पृथ्वीची हवा थोडी अधिक तापवते. हे पुस्तक त्या शिजण्याविषयी आहे.

हिरव्या पडलेल्या तळ्यांबद्दल आपण बोलत नाही असे नाही. पिण्याच्या पाण्याला वास येतो, मासे मरून तरंगतात, जलपर्णीच्या गाद्या पसरतात, डास होतात. या तक्रारी दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर येतात. त्या सगळ्या खऱ्या आहेत आणि सगळ्या काठाशी संबंधित आहेत. ज्याच्या गावाला तळे, त्याला त्रास, अशी आपली समजूत. सांडपाण्याचा प्रश्न नगरपालिकेचा आणि हवामान बदलाचा प्रश्न जागतिक परिषदांचा, अशी वाटणीही आपण करून टाकली आहे. पुढच्या पानांमध्ये मला एवढेच दाखवायचे आहे की ही वाटणी चुकीची आहे. हिशेबाची वही एकच आहे.

त्या बांबूसारखीच एक काठी अडीचशे वर्षांपूर्वी इटलीत गाळात रोवली गेली होती. १७७६ च्या नोव्हेंबरमध्ये अलेस्सांद्रो व्होल्टा हा एकतीस वर्षांचा अभ्यासक माज्जोरे सरोवराच्या काठी, आंजेरा गावाजवळच्या दलदलीत होडी घेऊन गेला. विजेच्या घटाचा शोध त्याने पुढे लावला आणि व्होल्ट हे एकक त्याच्या नावावरून आले, ते आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. त्या दिवशी मात्र त्याने काठीने तळ ढवळला, वर येणारे बुडबुडे पाण्याने भरलेल्या उपड्या बाटलीत धरले आणि त्या हवेला ज्योत लावली. ती निळसर ज्योतीने संथ जळली. धातूंवर आम्ल टाकून मिळणाऱ्या ज्वालाग्राही हवेपेक्षा ही हवा वेगळी आहे, हे त्याने ओळखले. कुजणाऱ्या वनस्पतींतून ती तयार होते, हेही त्याने ताडले. आज आपण तिला मिथेन म्हणतो. म्हणजे मिथेनची विज्ञानाशी ओळख झाली ती खाणीतून किंवा तेलाच्या विहिरीतून नव्हे, गोड्या पाण्याच्या तळाशी साचलेल्या गाळातून. ही गोष्ट आपण विसरलो, आणि पुढची दोन शतके तळी हवेच्या हिशेबाबाहेर राहिली.

व्होल्टाला जे दिसले ते नैसर्गिक होते. पाने गळतात, पाण्यात पडतात, कुजतात. तेवढा वायू पृथ्वीने नेहमीच सोसला आहे. आपण त्यात जे केले ते समजून घ्यायचे तर नावाड्याचाच शब्द धरून चालू. काही शिजवायला तीन गोष्टी लागतात: शिधा, झाकण आणि आच.

शिधा आपण पुरवतो. पाण्यातल्या शेवाळाला ऊन आणि कार्बन फुकट मिळतात. अडते ते मुख्यतः फॉस्फरस आणि नायट्रोजनपाशी. त्यातही गोड्या पाण्यात बहुधा फॉस्फरसपाशी. शेवाळाच्या शरीरात फॉस्फरसच्या एका अणूमागे कार्बनचे साधारण १०६ अणू असतात. वजनात मांडायचे तर १ ग्रॅम फॉस्फरसच्या आधारावर सुमारे ४० ग्रॅम कार्बन शेवाळाच्या रूपात उभा राहतो. माणसाच्या मलमूत्रातून दिवसाला साधारण १ ते २ ग्रॅम फॉस्फरस बाहेर पडतो. १ ग्रॅम धरला तरी दहा लाख वस्तीच्या शहरातून दिवसाला १ टन झाला, आणि तो सगळा पाण्यात पोचला तर ४० टन कार्बन बांधण्याइतकी ताकद त्यात आहे. यात धुण्याच्या पावडरी, शेतांतून वाहून येणारी खते, कारखान्यांचे पाणी धरलेले नाही. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण आपण बचतीचे कौतुक म्हणून सांगतो. तळ्यात काय साचते आहे, हे ती म्हण सांगत नाही.

झाकण तळे स्वतः घालते. शेवाळ दाट झाले की ऊन खाली पोचत नाही. खालच्या अंधारात मेलेले शेवाळ साचते आणि ते कुजवताना सूक्ष्मजीव पाण्यातला प्राणवायू संपवून टाकतात. उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके होते, खालचे थंड व जड राहते. दोन्ही थर एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून वरून नवा प्राणवायू खाली जात नाही. प्राणवायू संपल्यावर तळाचे सूक्ष्मजीव आधी नायट्रेट वापरतात, मग लोह, मग सल्फेट. नावाड्याच्या बांबूबरोबर आलेला सडक्या अंड्याचा वास हा या सल्फेटच्या टप्प्यातला, हायड्रोजन सल्फाइडचा. सगळ्यांत शेवटी पाळी येते मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांची. दिसायला ते जीवाणूंसारखे, पण त्यांचे कूळ वेगळे आहे. व्होल्टानंतर बरोबर २०१ वर्षांनी, १९७७ मध्ये, कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी दाखवून दिले की हा जीवसृष्टीचा एक स्वतंत्र आणि अतिप्राचीन वंश आहे. प्राणवायू नसलेल्या पृथ्वीवर त्यांचे चांगले चालले होते. आपण आपल्या तळ्यांच्या तळाशी त्यांना तीच पृथ्वी परत देतो. वास येतो तेव्हा आपण नाक धरतो. ज्याची खरी चिंता करायची त्या मिथेनला वासच नसतो.

तिसरी गोष्ट आच. मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांचा वेग उष्णतेबरोबर झपाट्याने वाढतो, आणि कोमट पाण्यात मुळातच प्राणवायू कमी विरघळतो. डेन्मार्कमध्ये लेमिंग या ठिकाणी २००३ पासून पाण्याच्या २४ टाक्या ठेवून प्रयोग चालू आहे. काही टाक्या नुसत्या तापवलेल्या, काहींत नुसते पोषक द्रव्य वाढवलेले, काहींत दोन्ही. नुसत्या उष्णतेने बुडबुड्यांतला मिथेन वाढला खरा, पण उष्णता आणि पोषक द्रव्ये एकत्र आली तिथे तो कित्येक पटींनी उसळला. आपल्याकडच्या उथळ, कोमट आणि सांडपाणी पिणाऱ्या तलावांकडे या निष्कर्षाच्या उजेडात पाहायला हवे. शिवाय हे चक्र आपणच फिरत राहणारे आहे: मिथेन हवा तापवतो, तापलेली हवा पाणी तापवते, तापलेले पाणी आणखी मिथेन सोडते.

इथे एक रास्त शंका येते. शेवाळ ही वनस्पतीच. ती हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. मग हिरवे तळे हवेच्या दृष्टीने उपकारकच नाही का? दिवसाउजेडी अनेक हिरवी तळी खरोखरच कार्बन डायऑक्साइड आत ओढतात. हिशेब मात्र तिथे संपत नाही. १०० वर्षांच्या मुदतीत मिथेन वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापवतो. शेवाळाने कार्बनचे दहा अणू हवेतून घेतले, त्यांतले नऊ गाळात कायमचे पुरले गेले आणि एकच मिथेन होऊन परतला असे मानू. वजनाने ४४० भाग कार्बन डायऑक्साइड आत गेला आणि १६ भाग मिथेन बाहेर आला. १६ ला २७ ने गुणले की ४३२. जवळजवळ सगळा नफा एका अणूने पुसून टाकला. प्रत्यक्षात नऊ अणू कधीच पुरले जात नाहीत. बरेचसे कुजून कार्बन डायऑक्साइड म्हणूनच परत जातात. वीस वर्षांच्या मुदतीत मिथेनचा ताप ८० पटींच्या घरात जातो, आणि आपल्या मुलांच्या दृष्टीने तीच वीस वर्षे मोलाची आहेत.

नायट्रोजनचीही बाजू आहे. सांडपाण्यातला अमोनिया आणि शेतातून उतरलेला नायट्रेट यांच्यावर सूक्ष्मजीव काम करतात तेव्हा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन निसटतो. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो, हवेत शंभरहून अधिक वर्षे टिकतो आणि ओझोनच्या थरालाही कुरतडतो. तळ्यांतून तो मिथेनपेक्षा पुष्कळ कमी येतो, पण दुर्लक्ष करण्याइतका नाही.

एवढे सगळे चालू असताना विज्ञानाचे लक्ष इकडे उशिरा वळले. १९९४ मध्ये जोनाथन कोल आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या १,८३५ सरोवरांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा बहुसंख्य सरोवरांच्या पाण्यात हवेच्या तुलनेत जास्तीचा कार्बन डायऑक्साइड आढळला. सरोवरे म्हणजे नुसते साठे नसून हवेशी देवघेव करणाऱ्या जागा आहेत, हे तेव्हा ठसले. २०११ मध्ये डेव्हिड बास्टविकेन आणि सहकाऱ्यांनी मांडले की गोड्या पाण्यातून वर्षाला सुमारे १०३ दशलक्ष टन मिथेन हवेत जातो, आणि जमिनीवरची झाडेझुडपे व माती जेवढा कार्बन शोषतात त्याच्या पाव हिश्शाइतका फायदा तो एकटा खाऊन टाकतो. २०१९ मध्ये जेक ब्यूल्यू, टोन्या डेलसॉन्ट्रो आणि जॉन डाउनिंग यांनी पुढचा प्रश्न विचारला: तळी अशीच हिरवी होत गेली तर? त्यांचे उत्तर असे, की या शतकात तळ्यांतून आणि धरणांतून येणारा मिथेन ३० ते ९० टक्क्यांनी वाढेल. तळ्याचे क्षेत्रफळ किती, एवढ्यावरच नव्हे, तर ते किती हिरवे आहे, यावरही त्याचे वायू ठरतात, ही या संशोधनाची मुख्य शिकवण.

असे आकडे काढणे सोपे नसते, आणि ते कसे काढतात याला मी या पुस्तकात मुद्दाम जागा दिली आहे. बुडबुडे सगळीकडून सारखे येत नाहीत. एका जागी दिवसभर काही नाही, आणि हातभर अंतरावर धार लागलेली. म्हणून पाण्याखाली उलटी नरसाळी टांगून ते धरावे लागतात, पृष्ठभागावर उपड्या बादलीसारखी भांडी तरंगत ठेवावी लागतात, रात्री-अपरात्री नमुने घ्यावे लागतात. हवेचा दाब उतरला किंवा पाण्याची पातळी घटली की गाळावरचा भार हलका होतो आणि अडकलेला वायू एकदम सुटतो.

पातळी घटणे म्हटले की सोलापूर आणि इंदापूरकडच्या वाचकाला काय आठवेल ते मला माहीत आहे. १९८० साली पूर्ण झालेले उजनी धरण भरते तेव्हा त्यात ११७ टीएमसी पाणी असते. कमी पावसाच्या वर्षी 'उजनी मायनसमध्ये गेली' हे शब्द घराघरांत ऐकू येतात. पाणी ओसरते, पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते, लोक ते पाहायला जातात, काठाचे शेतकरी गाळपेराच्या जमिनीत पीक घेतात. त्या उघड्या गाळातही वर्षानुवर्षांचा शिधा साठलेला असतो. मुळा-मुठा, पवना आणि इंद्रायणी पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी घेऊन भीमेत उतरतात आणि भीमा ते उजनीत आणते. वाटेतल्या उसाच्या पट्ट्यातली खते त्यात मिळतात. चिलापी या पाण्यात तगली. जुने अनेक मासे दुर्मीळ झाले. हेच पाणी पुढे सोलापूरला पिण्यासाठी जाते आणि आषाढीला चंद्रभागेत सोडले जाते. उजनी हे माझ्या डोळ्यांसमोरचे उदाहरण म्हणून मी पुन्हा पुन्हा तिच्याकडे येतो. पण देशात सर्वांत जास्त मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत, आणि ज्या धरणाच्या वर एखादे शहर वाढते आहे त्या प्रत्येकाला हा विषय लागू पडतो.

दोष कुणाचा, असे विचारले की बोट चटकन शेतकऱ्याकडे वळते. त्याबाबत मला न्यायाने बोलायचे आहे. युरिया स्वस्त आणि माती तपासणी दूर, अशा व्यवस्थेत तो जगतो. वाहून गेलेले खत त्याच्याच खिशातून गेलेले असते. शहरांची बाजू त्याहून अवघड आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार देशाच्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होते २०,२३६ दशलक्ष लिटरवर. राहिलेले कुठल्या ना कुठल्या नदीत, नाल्यात, तळ्यात जाते. ज्यावर प्रक्रिया होते त्याचीही एक गोष्ट लोकांना सहसा सांगितली जात नाही. साधा सांडपाणी प्रकल्प घाण कुजवून पाणी नितळ करतो, पण फॉस्फरस आणि नायट्रोजन काढण्याची वेगळी सोय केली नसेल तर त्यांचा मोठा भाग त्या नितळ पाण्यातून तसाच पुढे जातो. पाणी स्वच्छ दिसते. शिधा पोचलेलाच असतो.

मग करायचे काय? या प्रश्नावर हे पुस्तक निराश नाही, आणि त्याला कारण आहे. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात प्रयोगासाठी राखून ठेवलेली काही सरोवरे आहेत. त्यांतल्या २२६ क्रमांकाच्या सरोवराची कंबर बारीक आहे. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे प्लास्टिकचा पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन टाकले. फॉस्फरस फक्त एका भागात. काही आठवड्यांत तो भाग हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला. विमानातून घेतलेल्या त्या छायाचित्राने कारखान्यांचे पुष्कळ युक्तिवाद गप्प केले आणि धुण्याच्या पावडरींतल्या फॉस्फेटवर येऊ लागलेल्या बंधनांना बळ दिले. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहराच्या कुशीतले वॉशिंग्टन सरोवर सांडपाण्याने गढूळ झाले होते. डब्ल्यू. टी. एडमंडसन या प्राध्यापकांनी धोका वेळेवर ओळखून सांगितला, १९५८ मध्ये लोकांनी मतदान करून खर्चाची जबाबदारी उचलली, १९६३ ते १९६८ या काळात सांडपाणी सरोवरापासून वळवले गेले, आणि सरोवर सावरले. हे तिथल्या नागरिकांनी केले, नुसत्या तंत्रज्ञांनी नव्हे.

सगळीच तळी इतकी लवकर सावरत नाहीत, हेही सांगणे माझे कर्तव्य आहे. गाळात लोहाला धरून बसलेला फॉस्फरस प्राणवायू संपला की सुटतो आणि वर येतो. बाहेरचा शिधा बंद केला तरी तळे काही वर्षे आपल्याच कोठारातून खात राहते. म्हणून एका उन्हाळ्यात निकाल मागणाऱ्याची फसगत होते. कारंजी बसवली, जलपर्णी काढून काठावरच ढिगाने टाकली, पाण्यात कसलीशी भुकटी शिंपडली, असे उपाय छायाचित्रात चांगले दिसतात. काठावर कुजलेली जलपर्णी पहिल्या पावसात आपला सगळा शिधा तळ्यालाच परत करते. नाला तळ्यात शिरतो त्या तोंडाशी काम झाल्याशिवाय तळ्यात केलेले काम टिकत नाही.

एक बदल मला आशादायक वाटतो. २०१९ मध्ये हवामानविषयक आंतरसरकारी समितीने देशोदेशींच्या वायू-हिशेबाच्या मार्गदर्शक सूचना सुधारल्या, तेव्हा धरणांतला मिथेन मोजताना पाणी किती हिरवे आहे ते विचारात घेण्याची तरतूद तिने केली. याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. एखाद्या शहराने फॉस्फरस काढणारा प्रकल्प उभारला, तर पिण्याचे पाणी सुधारते, मासेमारी सुधारते आणि हवेवरचा बोजाही उतरतो. एका खर्चात तिहेरी परतावा देणारी कामे फार नसतात. नगरसेवकाला, अभियंत्याला, पाणीपट्टी भरणाऱ्या गृहिणीला हे कळले, तर सांडपाण्यावरचा खर्च त्यांना वायफळ वाटणार नाही.

पुस्तकाची मांडणी साधी आहे. पहिल्या भागात तळ्याचे शरीर: ऊन, थर, गाळ, सूक्ष्मजीव. दुसऱ्यात वायूंची मोजदाद. तिसऱ्यात तळी बिघडल्याच्या आणि सावरल्याच्या कथा. शेवटच्या भागात आपल्या गावाच्या तळ्याकडे कसे पाहावे, कोणते प्रश्न कुणाला विचारावेत, याची माहिती. विज्ञानाची पदवी नसलेल्या वाचकाला अडखळायला होऊ नये, ही काळजी मी घेतली आहे. शाळेत शिकलेला गुणाकार पुरेल.

ऋण अनेकांचे आहे. प्रयोगशाळेतल्यांचे आहेच, पण काठावरच्या लोकांचे अधिक. पाण्याचा रंग कधी बदलला, कोणता मासा कोणत्या साली दिसेनासा झाला, हे त्यांनी तारखेशिवाय पण अचूक सांगितले. 'तळे राखी तो पाणी चाखी' असे आपण म्हणतो, आणि राखणारा थोडे स्वतःसाठी घेणारच, असा या म्हणीचा अर्थ लावतो. मला ती म्हण आता सरळ अर्थाने ऐकू येते. जो राखतो त्यालाच चाखायला मिळते, आणि तळे राखण्याचे काम आता काठावरच्या लोकांपुरते उरलेले नाही. दहा कोस वर, एखाद्या फ्लॅटमध्ये नळ सोडणारा माणूसही त्या तळ्याचा राखणदार आहे.

उन्हाळ्यात कधी आपल्या तळ्यावर जा. दुपारी, वारा पडलेला असताना, उथळ कडेला थोडे थांबा. बुडबुडा वर येईल, क्षणभर थांबेल, फुटेल. आत काय होते ते आता तुम्हाला ठाऊक आहे, आणि ते कुणाच्या घरातून आले तेही.